प्रकाशनपूर्व ऑपरेटिंग सिस्टिम आणि घरचा संगणक : एका निर्णयाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग कंपन्यांच्या स्पर्धेचे, दुसरे तंत्राच्या प्रगतीचे. या दोन्ही अंगांत वापरणारा माणूस ग्राहक म्हणून येतो. तयार झालेली वस्तू विकत घेणारा एवढीच त्याची भूमिका असते. परंतु गेल्या तीन दशकांत या माणसाने आणखी एक काम केले आहे. अपुरी, चाचणीच्या अवस्थेतील प्रणाली त्याने आपल्या घरच्या संगणकावर बसविली, तिचे दोष सोसले आणि ते कंपनीला कळविले. 'बीटा', 'प्रिव्ह्यू', 'रिलीज कँडिडेट' अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या आवृत्त्यांना प्रस्तुत निबंधात प्रकाशनपूर्व आवृत्ती असे म्हटले आहे.

कंपनीच्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी राखून ठेवलेली यंत्रे असतात. घरात बहुधा एकच संगणक असतो आणि त्यावर सर्वांचे सर्व काही असते : घरखर्चाचा हिशेब, मुलांचे प्रकल्प, लग्नाची छायाचित्रे, अर्धवट प्रबंध. अशा यंत्रावर अपुरी प्रणाली कशी बसवावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. जुन्या प्रणालीवरच नवी चढवावी, डिस्कचा वेगळा विभाग पाडून दोन्ही शेजारी ठेवाव्यात, चालू प्रणालीच्या आत आभासी यंत्र उभारून तेथे नवी चालवावी, की त्यासाठी दुसरी डिस्क अथवा दुसरा संगणकच वापरावा? वस्तुतः या प्रत्येक उत्तरात घरातील काय गमावण्याची तयारी आहे आणि काय नाही, याची एक रेषा आखलेली असते. ही रेषा कोणी आखावयाची, हा या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे. प्रारंभी ती वापरणारा स्वतः आखीत असे. पुढे तो अधिकार त्याच्या हातून हळूहळू निसटत गेला.

एका डिस्कवर दोन बिऱ्हाडे

१९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह बाजारात आणला. त्याच्याबरोबर आलेल्या डॉस २.० मध्ये डिस्कचे चारपर्यंत विभाग पाडण्याची तरतूद होती. एका डिस्कवर वेगवेगळ्या प्रणाली नांदाव्यात, हा या तरतुदीमागील मूळ हेतू होता. आज विभागांचा उपयोग मुख्यतः कागदपत्रे वेगळी ठेवण्यासाठी केला जातो, त्यामुळे हा मूळ हेतू विस्मरणात गेला आहे. पुढील तीस वर्षे घरगुती चाचणीचा सारा व्यवहार मात्र या चार ओळींच्या छोट्या तक्त्यावरच उभा होता.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हेलसिंकी येथील आहे. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्यावर अँड्र्यू टॅनेनबाम यांची मिनिक्स ही अध्यापनासाठी लिहिलेली प्रणाली बसविली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती तयार केली. तिला स्वतंत्र अस्तित्व नव्हते. ती मिनिक्सवरच घडविली जाई आणि मिनिक्सचीच फाइल रचना वापरीत असे. म्हणजे नव्या बिऱ्हाडाची चूल जुन्या बिऱ्हाडाच्या विस्तवावर पेटत होती. टोरवाल्ड्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात एक प्रसंग नोंदविला आहे. मोडेमद्वारे विद्यापीठाच्या संगणकाशी जोडणी करताना त्यांनी चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच 'डायल' करण्याची आज्ञा दिली आणि मिनिक्सचा विभाग निकामी झाला. तेव्हा मिनिक्स पुन्हा बसवावी की लिनक्सवरच राहावे, असे दोन पर्याय होते. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. लिनक्सच्या इतिहासात हा प्रसंग विनोदाने सांगितला जातो. परंतु विभागाची भिंत आज्ञेतील एका चुकीपासून वाचवू शकत नाही, हे त्यातून प्रथमच स्पष्ट झाले, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

लिनक्स वापरून पाहणाऱ्या पुढील मंडळींची अडचण वेगळी होती. त्यांच्या संगणकात डॉस आधीच संपूर्ण डिस्क व्यापून बसलेली असे. जागा करावयाची म्हणजे डिस्क पुसून, विभाग नव्याने पाडून, सर्व काही फ्लॉपींवरून पुन्हा भरावयाचे. पुढे 'फिप्स' नावाचा एक छोटा विनामूल्य प्रोग्रॅम आला. तो डॉसचा विभाग न पुसता दोन भागांत तोडीत असे. मात्र त्यापूर्वी विखुरलेल्या फायली एका टोकाला गोळा करून घ्याव्या लागत. कोणती प्रणाली सुरू करावयाची हे विचारणारा 'लिलो' हा प्रोग्रॅमही याच काळातला. दोन बिऱ्हाडांना एक दरवाजा आणि दारात एक द्वारपाल, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात एक गोम होती. मागाहून येणारी प्रणाली द्वारपालाला विचारत नसे. विंडोज ९५ बसविली की ती डिस्कच्या आरंभीचा तो भाग स्वतःच्या नावे लिहून टाकी, आणि लिनक्स डिस्कवर सुखरूप असूनही तिच्यापर्यंत जाण्याची वाट बंद होई. त्यामुळे आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम जाणकारांत नियमच होऊन बसला.

पैसे देऊन घेतलेली जोखीम

विंडोज ९५ ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. तत्पूर्वी मायक्रोसॉफ्टने सर्वसामान्यांसाठी पूर्वदर्शनाचा कार्यक्रम राबविला. अमेरिकेत १९.९५ डॉलर भरणाऱ्यास फ्लॉपींचा संच पाठविला जाई, आणि ती आवृत्ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कालबाह्य होणार होती. म्हणजे दोष शोधण्याचे काम करणारा त्या कामासाठी स्वतःच पैसे मोजत होता, आणि तीन महिन्यांनी विकतची प्रत घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. यात फसवणूक नव्हती, कारण सर्व अटी आधी सांगितलेल्या होत्या. परंतु श्रम आणि मोबदला यांचा नेहमीचा संबंध येथे उलटा झाला होता, हे नोंदवावयास हवे.

बसविण्याचे मार्ग दोन होते. विंडोज ३.१ वर चढविल्यास जुने प्रोग्रॅम नव्या प्रणालीत आपोआप उपलब्ध होत, पण मागे फिरणे कठीण होई. वेगळ्या डिरेक्टरीत बसविल्यास, आणि संगणकावर डॉसची ५.० किंवा नंतरची आवृत्ती असल्यास, सुरू होताना एफ-४ ही कळ दाबून जुन्या डॉसकडे जाता येई. मात्र सर्व प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागत. सोय हवी तर परतीची वाट सोडावी, वाट हवी तर सोय सोडावी, अशी ही निवड होती. या दोहोंत विभागाची भिंत नव्हतीच. दोन्ही प्रणाली एकाच विभागात राहत आणि एकमेकींच्या फायलींना हात लावू शकत.

ॲपलचे उदाहरण थोडे वेगळे आहे. मॅक ओएस टेनची सार्वजनिक बीटा आवृत्ती १३ सप्टेंबर २००० रोजी पॅरिस येथे २९.९५ डॉलर किमतीस खुली झाली. १४ मे २००१ नंतर ती चालणार नव्हती. २४ मार्च २००१ रोजी अंतिम प्रणाली १२९ डॉलरला आली, तेव्हा बीटा घेणाऱ्यांना ३० डॉलरची सूट देण्यात आली. घेतलेले पैसे परत करण्याचा हा सभ्य मार्ग म्हणावा लागेल. या बीटाला १२८ मेगाबाइट स्मृती लागे, जी त्या काळच्या अनेक घरगुती मॅकमध्ये नव्हती. तेव्हा कशी बसवावी या प्रश्नाच्या आधी कशावर बसवावी हाच प्रश्न अनेकांसमोर उभा राहिला.

महाराष्ट्रातील घर

भारतीय घरांत हा प्रश्न आणखी दोन कारणांनी गुंतागुंतीचा होता. पहिले कारण प्रणाली मिळविण्याचे. २००४ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरविला होता. जून २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाची दुसरी बीटा सर्वांना खुली झाली, तेव्हा तिचे आकारमान तीन गिगाबाइटच्या घरात होते. त्या किमान वेगाने तीन गिगाबाइट उतरविण्यास अखंड सव्वीस तास लागतात. त्याच सुमारास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणि लहान शहरांत दररोज काही तासांचे भारनियमन चालू होते, हे लक्षात घेतले म्हणजे 'अखंड' या शब्दाचे मोल कळते. पीसीक्वेस्ट आणि डिजिट यांसारख्या इंग्रजी मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींना त्या काळी जे महत्त्व होते, ते या हिशेबावरून समजते. भारनियमनाचा संबंध विभाग पाडण्याशीही होता. विभाग लहान करताना डिस्कवरील मजकूर इकडून तिकडे हलविला जातो. तेवढ्यात वीज गेली तर नवी प्रणाली राहोच, जुनीही हातची जाई. यूपीएस नसलेल्या घरात दुसरी डिस्क जोडणे हाच खरा सुरक्षित मार्ग होता, पण तो खर्चाचा होता.

दुसरे कारण लिपीचे. विंडोज ९५, ९८ आणि मी या घरगुती मालिकेत देवनागरी युनिकोडची सोय नव्हती. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये ती प्रथम मिळाली. मराठीत लेखन करणाऱ्यास नवी प्रणाली पारखून पाहण्याचे हे सबळ कारण होते. परंतु त्याचा पूर्वीचा सारा मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा साधनांच्या स्वतंत्र संकेतांत टंकलेला असे. तो युनिकोडमध्ये आपोआप येत नसे. त्यामुळे जुनी प्रणाली टाकता येत नव्हती आणि नवी सोडवत नव्हती. विंडोज ९८ ला नव्या मालिकेची एनटीएफएस ही फाइल रचना वाचता येत नसल्याने दोन्हींकडून लागणारा मजकूर फॅट ३२ रचनेच्या विभागातच ठेवणे भाग पडे. दोन प्रणाली शेजारी ठेवणे ही येथे तंत्राची हौस नव्हती. दोन लिपिसंकेतांच्या मधल्या काळात मराठी मजकूर जिवंत ठेवण्याची ती गरज होती.

आभासी यंत्र

व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये घरच्या संगणकावर चालणारे आभासी यंत्र आणले. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये कनेक्टिक्सकडून व्हर्च्युअल पीसी घेतले आणि २००६ मध्ये ते विनामूल्य केले. २००७ च्या जानेवारीत व्हर्च्युअलबॉक्स मुक्त स्वरूपात आले. आता संपूर्ण प्रणाली ही एक मोठी फाइल झाली. ती बिघडली तर फाइल पुसावयाची, बाकी घर शाबूत. सुरक्षिततेच्या दृष्टीने याहून चांगला मार्ग नाही. परंतु आभासी यंत्रात छपाई यंत्र, ध्वनी, चित्रकार्ड हे सर्व बनावट असते. व्हिस्टाचा गाजलेला पारदर्शक देखावा व्हर्च्युअल पीसीत दिसतच नसे. आपल्या यंत्रावर नवी प्रणाली चालेल काय, हे ज्याला पाहावयाचे होते त्याला आभासी यंत्र उत्तर देऊ शकत नव्हते. जेथे धोका नाही तेथे खरी चाचणीही नाही, ही या मार्गाची मर्यादा आहे.

भिंतीपलीकडचे नुकसान

२००८ आणि २००९ या दोन वर्षांत घडलेल्या दोन घटनांनी विभागाच्या भिंतीवरचा विश्वास डळमळीत केला. त्यांचा तपशील येथे थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे.

सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ या गाभ्याची चाचणी चालू होती. उबुंटू ८.१०, ओपनसूसे ११.१, मँड्रिवा २००९ यांच्या प्रकाशनपूर्व आवृत्त्यांत हाच गाभा होता. काही संगणकांवर तो चालविल्यानंतर इंटेलच्या विशिष्ट नेटवर्क कार्डातील कायमस्वरूपी स्मृती पुसली गेल्याचे आढळले. कार्ड निकामी झाले. विंडोजमध्ये परत गेले तरी ते चालेना. नुकसान डिस्कवर झाले नव्हते, यंत्रातच झाले होते, आणि यंत्र दोन्ही प्रणालींना सामाईक होते. प्रथम संशय कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. पुढे असे निष्पन्न झाले की गाभ्यातील आज्ञांचा माग काढणारी एक स्वतंत्र सोय चालू स्थितीतील आज्ञा बदलताना भलत्याच ठिकाणी लिहीत होती, आणि ते ठिकाण या कार्डाची स्मृती असू शकत होते. ती सोय बंद करून प्रश्न सोडविण्यात आला. ज्यांनी काळजीपूर्वक वेगळा विभाग पाडला होता त्यांचेही कार्ड गेले, ही बाब महत्त्वाची आहे.

दुसरी घटना विंडोज ७ ची. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या सार्वजनिक बीटाची घोषणा झाली. पंचवीस लाख प्रतींची मर्यादा घातली होती. परंतु मागणीने सर्व्हर कोलमडले आणि ही मर्यादा काही काळासाठी उठवावी लागली. या बीटात एक दोष होता. ज्या एमपी-३ फायलींच्या शीर्षभागात चित्र वगैरे बरीच माहिती असे, त्यांची ती माहिती अद्ययावत करताना गाण्याच्या आरंभीचे काही सेकंद कायमचे कापले जात. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती तातडीने उपलब्ध केली आणि बीटा बसविण्यापूर्वी सर्व एमपी-३ फायलींची दुसरी प्रत करून ठेवण्याचा सल्ला दिला. त्या सल्ल्यात नेटवर्कवरील आणि सुट्या डिस्कवरील फायलींचाही समावेश होता. कारण उघड आहे. नव्या विभागात बसलेल्या बीटाला जुन्या विभागातील संगीत दिसत होते, आणि जे दिसते ते ती बदलू शकत होती. घरच्या दृष्टीने पाहता प्रणाली पुन्हा बसविता येते. वडिलांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण कापले गेले तर ते परत मिळत नाही. वेगळा विभाग प्रणालीला वाचवितो, संग्रहाला नव्हे, हा भेद या दोषाने स्पष्ट केला.

याच बीटाच्या निमित्ताने आणखी एक बाब पुढे आली. मे २००९ मध्ये रिलीज कँडिडेट येण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टने बीटा वापरणाऱ्यांना सांगितले की बीटावरून थेट पुढे जाऊ नये. आधी व्हिस्टाकडे परतावे आणि तेथून नव्या आवृत्तीकडे यावे. दोन अपुऱ्या आवृत्त्यांमधील वाट कोणाच्याच कायम उपयोगाची नसल्याने तिची चाचणी करण्यात त्यांना रस नव्हता. तर्क बिनचूक होता. पण ज्यांनी बीटा हीच रोजची प्रणाली केली होती त्यांना सर्व प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागणार होते. अनेकांनी बसविण्याच्या संचातील एका मजकूर-फाइलमधील आकडा बदलून ही अट ओलांडली. रिलीज कँडिडेटची मुदत १ जून २०१० ला संपणार होती, आणि १ मार्च २०१० पासून ती दर दोन तासांनी संगणक बंद करू लागणार होती. घर खाली करण्याची नोटीस देण्याचा हा प्रकार उद्धट वाटला तरी प्रामाणिक होता. ही प्रणाली तुमची नाही, याची आठवण तो करून देत होता.

न विचारता ठरलेली रेषा

३० सप्टेंबर २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे पूर्वदर्शन आणि 'इनसायडर' हा कायमचा चाचणी कार्यक्रम जाहीर केला. त्यात सीडी नाही, किंमत नाही. एकदा नाव नोंदविले की नव्या आवृत्त्या नेहमीच्या अद्ययावतीकरणाच्या वाटेनेच येत आणि जुन्यावर चढत. वेगळा विभाग पाडण्यास मनाई नव्हती. परंतु तो विचार करण्याची वेळच आता सहसा येत नसे. पूर्वी जो निर्णय फ्लॉपी हातात घेऊन घ्यावा लागे, तो एका बटणात विरघळला. २९ जुलै २०१५ रोजी अंतिम प्रणाली आल्यावरही कार्यक्रम थांबला नाही. प्रकाशनपूर्व आणि प्रकाशित यांतील सीमाच पुसट झाली.

तिचे परिणाम २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या अद्ययावतीकरणात दिसले. ते बसविल्यावर काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरमधील फायली नाहीशा झाल्या. चार दिवसांत वितरण थांबविण्यात आले. प्रत्यक्ष नुकसानीच्या तक्रारी एकूण संख्येच्या ०.०१ टक्का असल्याचे कंपनीने सांगितले. तिने दिलेले कारण या इतिहासाच्या दृष्टीने फार बोलके आहे. आपले फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर वळविणाऱ्या काहींनी पूर्वी तक्रार केली होती की आधीच्या अद्ययावतीकरणानंतर मूळ जागी त्याच नावाचे रिकामे फोल्डर उरतात. ते काढून टाकण्यासाठी नवी आज्ञा घालण्यात आली. दुसऱ्या एका बदलाशी तिची गाठ पडली आणि मूळ जागचे फोल्डर आतील मजकुरासह पुसले गेले. म्हणजे झळ पोहोचली ती नेमकी अशा माणसांना, ज्यांनी कागदपत्रे प्रणालीपासून दूर, दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवण्याची व्यवस्था केली होती, पण काही जुना मजकूर मूळ जागीच राहू दिला होता.

फायली पुसल्या जात असल्याची नोंद इनसायडरांपैकी काहींनी प्रकाशनापूर्वी काही महिने केलेली होती. तक्रारींच्या यादीत ज्या तक्रारीला अधिक जणांचा दुजोरा मिळे तिच्याकडे आधी लक्ष जाई. या नोंदींना फारसा दुजोरा मिळाला नव्हता, कारण असा प्रसंग मोजक्यांवरच आला होता. शिवाय हे अद्ययावतीकरण 'रिलीज प्रिव्ह्यू' या नेहमीच्या शेवटच्या टप्प्यातून न जाता थेट प्रसिद्ध झाले होते. वितरण थांबविल्यानंतर त्याच महिन्यात तक्रार नोंदविण्याच्या जागी दोषाचा परिणाम किती गंभीर आहे, हे सांगण्याची सोय करण्यात आली. दुरुस्त केलेले अद्ययावतीकरण १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा खुले झाले.